जीभ मागे, सर!

"फुस्स!"

भूमितीच्या सरांनी पुन्हा दोन बोटं तोंडात घातली, गाल फुगवले, डोळे मिटले आणि जीव खाऊन फुंकर मारली. शिट्टी काही वाजली नाही. तुषार मात्र झकास उडाले. समोर उभ्या असलेल्या आठवीतल्या पोरीनं आता सवयीनं परीक्षेचं पॅड ढालीसारखं आडवं धरलं होतं.

"जीभ मागे, सर! मागे दुमडा. अहो, एवढी नाही, गिळाल!"

मधली सुट्टी होती. शाळेच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी ही शिकवणी चालायची. पोरीच्या दोन मैत्रिणी कोपऱ्यावर पहारा द्यायच्या. सरांची अब्रू पणाला लागली होती ना!

ही वेळ आणली ती पोर्टफोलिओनं. यंदा मोठ्या बाईंनी फर्मान काढलं होतं. नुसते परीक्षेचे गुण बास झाले. प्रत्येक मुलानं एक फाइल करायची. वर्षभरात काय शिकलो, कुठे चुकलो, मग कसं जमलं, सगळं पुराव्यासकट त्यात ठेवायचं. आणि हो, शिक्षकांनीसुद्धा.

सर मनात हसले होते. त्यांनी जन्मभराची प्रमाणपत्रं कोंबून उशीएवढी फाइल केली आणि बाईंच्या टेबलावर धाडकन ठेवली. बाईंनी ती चाळली आणि हळूच परत सरकवली.

"सर, हे सगळं तुम्हाला आधीपासून येतंच की. यंदा नवीन काय शिकलात?"

सरांनी फाइल काखोटीला मारली. घरी जाऊन खूप आठवून पाहिलं. काही म्हणजे काही सापडलं नाही.

या पोरीची फाइल तर त्याहून धन्य होती. सगळी शाळा तिला 'शिट्टी' म्हणायची. चित्र काढायला बसली की कागद फाटायचा, निबंध लिहायला बसली की झोप यायची. फाइलीत फक्त सरांनीच लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या : 'तासाला शिट्टी वाजवली. पालकांनी लक्ष द्यावे.' त्याही तिच्या आईनं रागानं काढून टाकल्या. मग फाइल अगदी स्वच्छ झाली.

एकदा मैदानावर कवायतीला पोरं काही केल्या रांगेत येईनात. सर ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते. इतक्यात मागून कान फाडणारी शिट्टी आली आणि सगळं मैदान चिडीचूप झालं.

सर वळले. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. "चुकले सर, परत नाही वाजवणार."

"तसं नाही गं," सर इकडेतिकडे बघत पुटपुटले. "मला शिकवशील?"

शिकवणी सोपी नव्हती. सरांनी आधी बोटांमधला कोन किती अंशांचा हवा ते विचारलं. पोरगी म्हणाली, "कोन गेला खड्ड्यात, जीभ बघा." घरी सर जेवता जेवता तोंडात बोटं घालायचे. बायको म्हणायची, "अहो, दाढ दुखत असेल तर दाखवून या ना! असले चाळे कशाला?"

एके दिवशी पोरगी वैतागली. "किती सोप्पं आहे सर! तुमचं लक्षच नसतं."

सरांनी तोंडातली बोटं काढली. हे वाक्य त्यांचंच होतं, रोज वर्गात फेकलेलं. आपल्यावर आदळल्यावर ते एवढं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा पडलेला चेहरा बघून पोरीलाच कसंतरी झालं. ती म्हणाली, "बरं, जाऊ द्या. आज नुसते ओठ करू. जीभ उद्या." मग ओठांवरून जीभ, जिभेवरून फुंकर अशी एकेक पायरी ती त्यांना चढवत गेली. शेवटी उंदराच्या पिल्लाएवढी एक 'चीं' निघाली. त्या दोघांनी टाकीभोवती उड्या मारल्या. पहाऱ्यावरच्या दोघीही पहारा सोडून नाचायला आल्या.

तपासणीच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. सभागृहात टेबलामागे बसून त्या एकेकाची फाइल बघत होत्या. मोठ्या बाई शेजारी होत्या. पोरीचा नंबर आला. परीक्षक बाईंनी फाइल उघडली, उलटी करून झटकली. काहीच पडलं नाही.

"वर्षभर काय केलंस गं बाळ? एकही पुरावा नाही? मग मी शेरा काय लिहू?"

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. परीक्षक बाईंनी लाल पेन उचललं.

"थांबा!" असं म्हणत मागच्या खुर्चीवरून सर उठले आणि तरातरा टेबलापाशी आले. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली.

"फुस्स!"

परीक्षक बाईंच्या चष्म्याच्या काचा भिजल्या. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. पोरीनं मान वर केली आणि कळवळून कुजबुजली, "जीभ मागे, सर!"

सरांनी जीभ मागे घेतली.

अशी शिट्टी त्या इमारतीनं कधी ऐकली नव्हती. खिडक्यांची तावदानं थरथरली. चहाचा कप लवंडला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बोंबललं, "सुटली रे सुटली!" आणि धडाधड दारं उघडून अख्खी शाळा दप्तरं घेऊन फाटकाकडे पळाली.

परीक्षक बाईंनी कानातली बोटं काढली. "हा काय प्रकार आहे?"

सर धापा टाकत होते. त्यांनी शर्टाचा वर आलेला काठ नीट खोचला आणि पोरीच्या शेजारी ताठ उभे राहिले.

"बाई, हिचं वर्षभराचं काम म्हणजे मी. फाइलीत मावलो नाही, म्हणून चालत आलो."