चोराच्या काखेतली छत्री

सुगंधाच्या वहीत मारलेली लाल फुली शिरसाटबाईंना आठवडाभर छळत होती. 'The old man hit the thief with the umbrella' या इंग्रजी वाक्यात एक म्हातारा चोराला मारतो आणि शेवटी छत्री येते. मुलांनी त्याचं चित्र काढायचं होतं. सगळ्या सातवीनं छत्री म्हाताऱ्याच्या हातात देऊन चोराला झोडपलं. सुगंधानं मात्र छत्री चोराच्या काखेत दिली, म्हातारा बिचारा नुसत्या बुक्क्या मारत होता. वर्ग खो खो हसला, बाईही हसल्या. तेव्हापासून त्या पोरीनं एकदाही हात वर केला नव्हता.

घरी वाक्य पुन्हा वाचलं, तेव्हा बाईंना चोराकडची छत्री दिसली.

आज त्यांनी तीच वही वर्गासमोर धरली. "वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. सुगंधाचं बरोबर होतं, चुकले मी."

सुगंधा खालमानेनं बाक खरवडत राहिली.

मग तिचाच हात हळूच वर आला.

"बाई, मागच्या पानावरची फुलीपण चुकलीय तुमची."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "कुठली गं?" म्हणत त्यांनी लगबगीनं पान उलटलं.