रडण्याचं काम

"आता रडा," धर्मेंद्र म्हणाला.

उषाबाईंनी पदर तोंडाशी नेला, डोळे गच्च मिटले आणि जोर लावला. घशातून काहीतरी चमत्कारिक निघालं. शेजारी बसलेल्या भटू रिक्षावाल्याने हसू लपवायला मान खाली घातली.

"मावशी, ही उचकी झाली," धर्मेंद्र म्हणाला. तो रेकॉर्डिंगसाठी धुळ्याहून आला होता. स्वभावाने गोड, पण संध्याकाळच्या गाडीचं तिकीट खिशात. "परत एकदा घेऊ."

गुजरातेत, उधन्यातल्या चर्चमागची ती खोली. आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या, पंखा बंद होता आणि रविवार असल्याने आजूबाजूचे यंत्रमागही गप्प होते. तिघेही घामाने निथळत होते.

तीन आठवड्यांपूर्वी पास्टर उपासनेत म्हणाले होते, "सुवार्ता जगभर न्यायला प्रत्येकाने विमानातच बसायला हवं असं नाही. येशूच्या गोष्टी अहिराणीत रेकॉर्ड करून खान्देशात गावोगाव मोबाइलवर पाठवायच्या आहेत. कुणाची अहिराणी शाबूत आहे?" तरुण पोरं एकमेकांकडे बघून गुजरातीत खिदळली. उषाबाईंनी हात वर केला. त्यांच्याकडे द्यायला दुसरं होतं काय? आणि अहिराणी तर घरात नुसती पडून होती. नवरा कधीच गेलेला. दोन वर्षांपूर्वी एकुलता एक प्रवीण कावीळ होऊन गेला, चोविसाव्या वर्षी. तेव्हापासून लिंबायत वस्तीतल्या घरात त्या आणि चार भिंती. शेजारी ओडिया, दुकानदार गुजराती. कुकरची शिट्टी होईना की त्याला दोन शिव्या द्यायच्या, एवढीच काय ती अहिराणी उरली होती.

आपल्याला एखादी गोष्ट सांगायला मिळेल, असं त्या धरून चालल्या होत्या. इथे आल्यावर कळलं, गोष्ट नाईन गावच्या विधवेची. तिचा एकुलता एक मुलगा मेलाय, लोक त्याला गावाबाहेर नेतायत आणि वाटेत येशू भेटतो. गावकऱ्यांना वाक्यं होती, येशूला वाक्यं होती. विधवेच्या तोंडी मात्र एक शब्द नाही. तिने फक्त रडायचं. एवढी मोठी गोष्ट आणि आईने गप्प बसायचं, हे काही उषाबाईंना पटलं नाही. पण तक्रार करायची कुणाकडे?

खरी अडचण वेगळीच होती. त्यांना रडू येत नसे. प्रवीणला नेलं त्या दिवशी सगळ्या बाया म्हणत होत्या, रड गं, मोकळी हो. नणंदेने, रंजनाने, तर दंडाला चिमटाही काढला होता. शेजारीण हिंदीत म्हणाली, "रो लो, अम्मा." पास्टर म्हणाले, मन मोकळं करा. दोन वर्षं जो तो त्यांना रडायला सांगत होता आणि त्या मजुरीच्या साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. बाई दगडाची आहे, असं लोक बोलू लागले. हल्ली त्यांना स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पाचव्यांदाही उचकीच निघाली. धर्मेंद्रने घड्याळ पाहिलं.

"राहू द्या, मावशी. कॉम्प्युटरमध्ये तयार रडणं मिळतं. तेच टाकतो."

एवढ्या मोठ्या जगाच्या कामातलं एकच काम देवाने त्यांच्या वाट्याला दिलं होतं. आता तेही मशीन करणार.

"नको भाऊ," त्या काकुळतीने म्हणाल्या. "माले रडूच येस नही. पन आखो एकदाव."

"बरं, बघू. भटूभाऊ, तोवर तुमचं वाक्य घेऊन टाकू."

येशूचं वाक्य भटूकडे होतं. गेले तीन आठवडे तो ते रिक्षात घोकत होता. गिऱ्हाइकं घाबरून बघायची. आता त्याने घसा खाकरला. माइकच्या तोंडाशी तोंड नेलं आणि थबकला. माणूस साधा. समोर बाई बसलेली असताना लोखंडाच्या दांड्याशी काय बोलायचं, असं त्याला वाटलं असावं. तो उषाबाईंकडे वळला.

"नको रडू, माय."

उषाबाईंनी वर पाहिलं. दोन वर्षांत हे त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. आणि 'माय' अशी हाकही प्रवीण गेल्यापासून कुणी मारली नव्हती.

मग पोटातून असा काही हंबरडा फुटला की भटू उठून उभाच राहिला. "मना पोऱ्या रे!" उषाबाई ओरडल्या आणि जमिनीवर हात आपटून रडू लागल्या. गोष्टीतला मुलगा पुढे उठून बसतो. प्रवीण उठला नव्हता, कधी उठणारही नव्हता. दोन वर्षं अडून राहिलेलं सगळं त्या रडत होत्या. आपलं काही चुकलं की काय, म्हणून भटू हात जोडून उभा होता. धर्मेंद्रने मशीन बंद केलं नाही. त्याची गाडी गेली.

उषाबाईंना भटूने रिक्षातून घरी सोडलं. त्यांनी दार उघडलं, एका माणसापुरता भात लावला आणि एकटीनेच खाल्ला.

धुळ्याला गेल्यावर धर्मेंद्र ती गोष्ट जुळवायला बसला. रडणं उचलून येशूच्या वाक्याच्या आधी ठेवायचं, एवढंच बाकी होतं, मिनिटाचं काम. त्याने ते दोनदा ऐकलं आणि होतं तिथेच ठेवलं. म्हणून खान्देशातल्या मोबाइलवर वाजणाऱ्या त्या गोष्टीत येशू आधी 'नको रडू' म्हणतो आणि ती बाई त्यानंतर रडायला लागते. गावोगावच्या बायांनी ती ऐकली आहे. क्रम चुकलाय, असं अजून एकही म्हणालेली नाही.