लाल दिवा

"एकदा छत चिकटवलंत, की आत डोकावणार कोण?" पिठलं ढवळता ढवळता बायकोने विचारलं.

"कुणी नाही. पण मला माहीत असेल ना," निवृत्त वैमानिक दिघे म्हणाले.

टेबलावर त्यांनी एकेकाळी चालवलेल्या विमानाची प्रतिकृती होती, हातभर लांबीची. खुर्च्यांचे पट्टे गोळ्यांच्या पाकिटावरच्या चांदीचे, विमान वळवायचा दांडा उदबत्तीच्या काडीचा. वैमानिकासमोरच्या पाटीवरची, वेग-उंची दाखवणारी एक काळी तबकडी केसभर वाकडी बसली म्हणून त्यांनी अख्खी पाटी उचकटून पुन्हा केली होती. जेवायला हाका मारून बायको दमली, तरी ते जागचे हलेनात.

शेवटी गोंद आणायला उठले. परत येऊन भिंगातून पाहतात, तर काळ्या तबकड्यांमध्ये मोहरीएवढा लाल ठिपका.

"हे काय?"

बायको मागेच उभी होती, हातात टिकल्यांचं पाकीट. "विमानात लाल दिवा लागला की काय करायचं असतं?"

"ताबडतोब खाली उतरायचं."

"मग उतरा. पिठलं निवतंय."

जेवून आल्यावर दिघ्यांनी टिकली काढायला चिमटा उचलला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग बाजूला ठेवला आणि छत चिकटवून टाकलं, आतला दिवा चालू ठेवून.