रिकामा डबा

ह्यांच्या लिव्हरला सूज आली, तशी मी कंबर कसली. सहा महिने डब्यात रोज बीट, गाजर, पालक आणि वर लिंबू. डबाही रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. तरी परवाच्या तपासणीत सूज जशीच्या तशी!

संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातल्या जाड्या मित्राच्या बायकोचा फोन आला. “वहिनी, कशाला भाऊजींना ते घासफूस देता? मी आमच्या ह्यांना रोज तळलेले बटाटे देते, तरी ह्यांचं लिव्हर बघा कसं ठणठणीत झालंय!”

माझी ट्यूब पेटली. तिलाही सांगितलं. दोघी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसातून आले ते भुकेने कावलेलेच.

“जाड्याच्याही डब्यात बीट! आता मी खायचं काय?”