रंगीत की साधा

“आबा, आधी हे पिशवीत ठेवा.”

दुकानाच्या पायरीवरच भागाबाईंनी नारळ, खण आणि हळदी-कुंकवाची पुडी पुढं केली. “घरी गेल्यावर झुंबरबाईंची ओटी भरायची यानं. माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन झालं, त्याचं वाण आहे.”

सुपडू शिंप्यानं हात मागं घेतला. ज्या घरी लेक द्यायची, त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही, ही त्याच्या बापापासूनची रीत.

“असू द्या विहीणबाई, कशाला उगाच...”

“वाणाला नाही म्हणत नाहीत, आबा. देवाचं आहे ते, माझं नव्हे.”

त्यानं नारळ कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला.

“अन् हे अर्धंच आहे बरं. उरलेलं मागाहून पोचतं करते.”

“बरं,” सुपडू म्हणाला. त्याचं लक्ष काचेपलीकडं मांडलेल्या टीव्हींकडं होतं.

मध्यस्थ पितांबर मागच्या आठवड्यात भडगावला निरोप घेऊन आला होता. धुळ्याच्या भागाबाईंना लग्नाआधी टीव्ही घ्यायचाय. व्याह्यांनी जळगावला यावं, पसंती त्यांनीच करावी. सुपारी फुटली तेव्हा मागणीचा शब्दही कुणी काढला नव्हता. पण असा निरोप मुलीच्या बापाला दोनदा समजावून सांगावा लागत नाही. सुपडूनं पिको-फॉलच्या मशीनला गिऱ्हाईक बघितलं, इसार घेतला आणि बंडीच्या आतल्या खिशात घातला. मशीन लग्न उरकल्यावर न्यायचं ठरलं. “आपली विमल सुखात राहिली म्हणजे झालं,” एवढंच म्हणून त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, चुलीकडं तोंड फिरवलं होतं.

दुकानदार निर्मलकुमारनं दोन संच शेजारी शेजारी लावले. दोन्हींवर एकच कॅसेट. कुठल्याशा बागेतली फुलं. एकीकडं बाग राखेची, दुसरीकडं लालभडक.

“नाना, साध्यात गुलाब आणि पत्ताकोबी सारखीच दिसते,” निर्मलकुमार सुपडूकडं बघून हसला. “पुढं तुमची मर्जी.”

“साधा काही वाईट नाही,” भागाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “डोळ्याला थंड वाटतो. पण माझ्या म्हणण्याला काय अर्थ? जो रोज बघणार, त्याचं मन भरलं पाहिजे.”

रोज बघणाऱ्या तुम्हीच की, सुपडूच्या मनात आलं. तो नुसता हसला.

“आबा, झुंबरबाई रविवारी सकाळी कुठं बघतात हो टीव्ही?”

“सोनाराच्या ओट्यावरून. खिडकीतून दिसतो.”

“आणि त्यांनी खिडकी लावून घेतली म्हणजे?”

सुपडूची कानशिलं तापली. लेक घरात यायच्या आधीच टोमणे सुरू झाले. “मग येते घरी,” तो म्हणाला. “आल्यावर मलाच विचारते, पुढं काय झालं असेल?”

भागाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुकानदाराकडं मान वळवली.

“भाऊ, अँटेना चांगली उंच द्या. तिला ते बूस्टर का काय असतं, तेही लावा. लाइट कमी-जास्त होते, तर स्टॅबिलायझरही लागेल.”

“अक्का, धुळ्यात घरावर काडी उभी केली तरी चित्र येतं!”

“द्या तर खरं.”

शेपूट वाढतच चाललं होतं. इसार पुरायचा नाही. बाकीचं मशीन गेल्यावरच देता येणार. त्यानं नकळत बंडी चाचपली. भागाबाईंची नजर त्या हातावर क्षणभर थांबली आणि पुन्हा टीव्हीकडं वळली.

“मग आबा? रंगीत की साधा? तुम्ही साधा म्हणालात तर साधा. माझ्या मनात काही येणार नाही, शंकराची आण.”

सुटायची वाट त्यांनी आपणहून दाखवली होती. साधा म्हणावं, अर्ध्यात भागावं, मशीनही कदाचित राहील. सुपडूनं राखेच्या गुलाबाकडं पाहिलं. मग त्याला विमल दिसली. आल्यागेल्यासमोर टीव्हीवरचं झाकण काढणारी. आणि कुणीतरी म्हणणारं, बापानं साध्यावरच भागवलं वाटतं.

तो स्टुलावरून उठला.

“रंगीत,” तो म्हणाला. “रंगीतच घ्यायचा, विहीणबाई. बठ्ठं सामान घ्या, अँटेनाबी, बूस्टरबी. सुपडू शिंपी अजून हातानं टाका घालू शकतो.”

हे इतक्या मोठ्यानं झालं की पंखे बघणारं एक जोडपं वळून पाहायला लागलं. सुपडूला त्याचं काही वाटलं नाही. पितांबर येऊन गेल्यापासून वाकलेली त्याची पाठ आता कुठं ताठ झाली होती. गुलाब खरंच सुरेख दिसत होता. लाल, ओला.

“मनापासून आवडला ना? माझ्यासाठी म्हणून नाही ना म्हणत?”

“मनापासून.”

“मग झालं,” भागाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पूजा निर्विघ्न पार पडल्यासारखं समाधान पसरलं.

सुपडूनं बंडीत हात घातला आणि रुमालात बांधलेला इसार काउंटरवर ठेवला. निर्मलकुमार गाठ सोडायला वाकला, तोच भागाबाईंनी रुमालावर तळहात ठेवला.

“आधी खोक्यावर पत्ता घाला, भाऊ.”

“सांगा अक्का. धुळ्याला कुठली गल्ली?”

“झुंबरबाई सुपडू शिंपी, भडगाव.” मग रुमाल सुपडूकडं सरकवत त्या तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या, “आता नाही म्हणू नका, आबा. नारळ तुम्ही मघाशीच घेतलाय.”