खऱ्या कंपनीचं उदाहरण

“पुस्तकातली व्याख्या सगळेच लिहितात,” मॅडम म्हणाल्या. “ती वाचून परीक्षकाला जांभया येतात. उत्तरात खरी कंपनी आली, खरी माणसं, खऱ्या तारखा आल्या, की तो सरसावून बसतो. आता समोर बघा.”

पडद्यावर एक पत्र उमटलं. हाताने लिहिलेलं, जुनं, घडीवर विरलेलं.

व्यवस्थापन शिकवणाऱ्या मॅडम गेली अकरा वर्षं हे पत्र प्रत्येक वर्गाला दाखवत होत्या. गोष्ट प्रेशर कुकरच्या एका कारखान्याची होती. या खेपेच्या झडपा कच्च्या आहेत, माल बाहेर पाठवू नका, असं तपासनिसाने मालकाला लेखी कळवलं होतं. मालकाने पत्राला केराची टोपली दाखवली. पंधरा दिवसांत तीन घरांत कुकर फुटले. एका बाईचे डोळे गेले. मालकाने उलट तपासनिसालाच घरी बसवलं, आणि पुढे दोन वर्षांत कारखान्यालाही टाळं लागलं.

“चौकशीत मालक काय म्हणाला?” मागून एकाने विचारलं.

“काहीच नाही. तोंडातून शब्द काढला नाही. चोराच्या मनात चांदणं.”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. दरवर्षी शे-दीडशे मुलं त्या माणसाचं नाव उत्तरपत्रिकेत लिहीत आणि खाली ठळक रेघ मारत: नेतृत्वाचं अपयश. पुढे ती नोकरीला लागत, तिथेही हाच दाखला देत. कोर्टातून तो दंडावर सुटला होता. मॅडमच्या वर्गातून सुटला नव्हता.

तो तपासनीस म्हणजे मॅडमचे वडील, हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललं होतं. नोकरी सुटल्यावर बाबा पुन्हा कुठे टिकले नाहीत. दिवसदिवस खिडकीशी बसून असायचे. कारखान्याचा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठायचे. “त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही,” एवढंच म्हणायचे. मॅडम दहावीत असताना एकदा हट्टालाच पेटल्या, काय झालं होतं ते सांगा म्हणून. तेव्हा बाबांनी, ही माझ्याकडची नक्कल, म्हणत हे पत्र पुढे टाकलं आणि तोंड फिरवलं. बाबा गेल्यावर मॅडमनी ते कपाटातून काढून घेतलं होतं.

यंदा हजेरीपटावर त्यांना मालकाचं आडनाव दिसलं. हजारात एखाद्याचंच असावं असं आडनाव. चौकशी केली. मालकाची सख्खी नात. दुसऱ्या बाकावर बसणारी, खाली मान घालून लिहिणारी.

कारखान्याचं प्रकरण मॅडमनी तिलाच मोठ्याने वाचायला लावलं. आजोबांच्या नावापाशी मुलीचा आवाज घसरला, पण ती थांबली नाही.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

“मॅडम, परीक्षेत मी दुसरी कंपनी घेतली तर चालेल?”

“यंदा सगळ्यांना एकच कंपनी आहे.” हे मॅडमनी त्याच क्षणी ठरवलं होतं. “आणि तुला काय अवघड? तुझ्या तर घरचाच विषय.”

मुलगी वही पिशवीत सारू लागली.

“आजोबा आहेत ना?”

“आहेत.”

“मग विचार त्यांना. घरी बसूनच लिहायचा पेपर आहे, वेळ आहे तुला. एखादा जुना कागद मिळाला तर परिशिष्ट म्हणून जोड. अस्सल कागदाला गुण जास्त देते मी.”

“ते त्याबद्दल कधीच बोलत नाहीत, मॅडम.”

“बोलतील कसे,” मॅडम म्हणाल्या आणि पुस्तकं आवरू लागल्या.

त्या दिवशी घरी जाताना त्यांना फार हलकं वाटलं. परक्या मुलांनी चार ओळी खरडणं वेगळं. म्हाताऱ्याला आता स्वतःच्या नातीच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागणार होता. बाबांना मॅडमच्या डोळ्याला डोळा कधी भिडवता आला नाही, तसंच त्याचंही होऊ दे.

आठवड्याने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. दुपारची वेळ होती, स्टाफरूम रिकामी. मॅडमनी मुलीची उत्तरपत्रिका शोधून आधी तीच वर घेतली.

उत्तर चोख होतं. व्याख्या, टप्पे, तारखा, सगळं जिथल्या तिथे. ‘मालकाने तपासनिसाचा लेखी इशारा धुडकावला. नेतृत्वाचं हे अक्षम्य अपयश होय.’ वर्गात शिकवलं तसंच, शब्द इकडचा तिकडे नाही. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्या घरातल्या टेबलावर, त्या घरातल्या हाताने लिहिलेलं वाक्य. समासात बरोबरची खूण करून त्यांनी वीसपैकी अठरा दिले. हात आखडायची गरजच नव्हती.

मग पान उलटलं. मागे परिशिष्ट टाचलेलं होतं. वर मुलीने लिहिलं होतं:

‘आजोबांना विचारलं. ते उठून आतल्या खोलीत गेले. हा कागद आजीने काढून दिला. यामुळे माझं वरचं उत्तर चुकतं. पण परीक्षेत कुठलं लिहायचं ते मला कळलं नाही, म्हणून दोन्ही ठेवते.’

खाली एका पत्राची झेरॉक्स होती. तारीख कुकर फुटल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची. अक्षर, अकरा वर्षं पडद्यावर दाखवलं तेच.

‘साहेब, त्या खेपेतला एकही कुकर मी तपासला नाही. तपासणीच्या चिठ्ठ्यांवर घरी बसून सह्या केल्या. तुम्ही विचारलंत तेव्हाही माल चोख आहे असं खोटं बोललो. त्या बाईचे डोळे माझ्यामुळे गेले. कामावर ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही. चौकशीत माझं नाव घेणार नाही म्हणालात, तेवढा शब्द पाळा. माझी मुलगी चौथीत आहे. तिला हे कधी कळू देऊ नका.’