आठ फूट

दिपमाला मेकॅनिक झुलालआबांच्या विहिरीत सेन्सर सोडत होती. पाणी त्याच्या खाली गेलं की मोटार आपोआप बंद होणार होती, कोरडी फिरून जळणार नव्हती.

“मोटारीच्या वर फूटभर पुरे, आबा.”

“आठ फूट ठेव.”

“एवढं पाणी विहिरीतच राहील. कापसाचं काय?”

आबांनी बांधापलीकडच्या ताईबाईच्या विहिरीकडे बोट दाखवलं. “दोन्ही विहिरीस्ले पानीना झिरा एकच शे. मी तळ गाठा का तिनी मोटार कोरडी फिरस. तिनाकडे सेन्सर नही.”

“पण बांधावरून तुमचं भांडण आहे ना? पाच वर्षं एकमेकांशी बोलत नाही तुम्ही.”

“भांडन बांधनं शे, बेटी. झिरानं नही.”